‘अनिश्चित’ या शब्दाचा आधार

व्यवसायसंघ म्हटला की वार्षिक अधिवेशन, अध्यक्षांच्या गळ्यातील हार आणि वर्गणीची पावती एवढेच आमच्या डोळ्यांसमोर उभे राही. ही मंडळी केवळ आपल्या धंद्याचे हित पाहतात, असा आमचा ग्रह होता. गेल्या वर्षी आमच्या धाकट्या बहिणीस स्तनाचा कर्करोग झाला, तेव्हा त्यास धक्का बसला.

आमच्या आईसही हीच व्याधी होती. म्हणून डॉक्टरांनी बहिणीच्या जनुकांची तपासणी करविली. अहवाल आला: ‘बीआरसीए-२’ या जनुकात एक बदल आहे, परंतु त्याचा अर्थ अनिश्चित आहे. पैसे मोजून अनिश्चितता विकत घेतली, म्हणून आम्ही संतापलो. डॉक्टर म्हणाले, “हा शब्द प्रयोगशाळेची पळवाट नव्हे. अशा बदलांचे रोगकारक ते निरुपद्रवी असे पाच वर्ग अमेरिकेतील दोन संघांनी २०१५ साली ठरवून दिले. ‘अनिश्चित’ हा त्यांतला मधला. त्याच्या भरवशावर उपचार ठरवू नये, असा त्यांचाच दंडक आहे.”

त्यांतील एक संघ ‘असोसिएशन फॉर मॉलिक्युलर पॅथॉलॉजी’. बीआरसीए जनुकांची पेटंटे ‘मिरियड जेनेटिक्स’ कंपनीकडे असल्याने तिचे उत्तर अमेरिकेतील दुसऱ्या प्रयोगशाळेत पडताळून पाहण्याची सोय रुग्णांस जवळजवळ नव्हती. २००९ साली हा संघ डॉक्टर व रुग्णस्त्रियांसह न्यायालयात गेला. १३ जून २०१३ रोजी तेथील सर्वोच्च न्यायालयाने एकमताने निर्णय दिला, की निसर्गातील डीएनए नुसता वेगळा काढल्याने पेटंटास पात्र होत नाही. प्रयोगशाळेत घडविलेल्या सीडीएनएस मात्र ते मिळू शकते. त्यानंतर इतर प्रयोगशाळांनीही ही तपासणी सुरू केली.

यात सभासदांच्या प्रयोगशाळांचाही लाभ होता, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु ज्या संघाने तपासणीचे दार उघडले, त्यानेच पुढे तपासणाऱ्याच्या जिभेसही लगाम घातला. याचे मोल आम्हांस अधिक वाटते.

बहिणीचा दुसरा स्तन शाबूत आहे. घराण्याचा इतिहास ध्यानी घेऊन नियमित तपासणी चालते. परवा तिने विचारले, “दादा, मुलीला काय सांगू?” आम्ही म्हणालो, “अजून कळलेले नाही, हेच सांग. कळले की शब्द बदलतील. तोवर दरवर्षी विचारीत राहू.”