अळणी कोशिंबीर

मराठी पानात पहिला मान मिठाचा. डाव्या हाताला चिमूटभर मीठ, मग लिंबू, चटणी, कोशिंबीर. नेवाळकरांच्या काळापासून झाशीत राहिलेल्या आमच्यासारख्या घरांच्या बोलण्यात बुंदेली शब्द आले, पण पानाची ही मांडणी बदलली नाही. त्यामुळे वडिलांच्या मूत्रपिंडांना विकार जडून मीठ आवरण्याची वेळ आली, तेव्हा दुखण्यापेक्षा पानातली ती रिकामी जागाच त्यांना अधिक बोचली.

मूत्रपिंडे दुर्बळ झाली की मिठातील सोडियम शरीरात साठते, त्याबरोबर पाणीही साठते. पाय सुजतात, रक्तदाब चढतो. जागतिक आरोग्य संघटना तर निरोगी प्रौढांनाही दिवसाकाठी ५ ग्रॅमहून कमी मीठ खाण्यास सांगते. लोणचे-पापडांतच त्यातील बराचसा वाटा संपतो.

मग कोशिंबिरीला चव कशी आणावी? एका माणसासाठी अर्धी वाटी चिरलेली काकडी, पाव वाटी बारीक कोबी आणि चमचाभर कांदा घ्यावा. मिठाने काकडीला पाणी सुटते. मीठ नसले की ती करकरीत राहते, हा लाभच म्हणावयाचा. त्यावर थोडे लिंबू पिळावे, भाजलेल्या जिऱ्याची पूड व कोथिंबीर घालावी आणि चमचाभर तेलात मोहरी व हिरव्या मिरचीची चुरचुरीत फोडणी द्यावी. आंबट, तिखट आणि खमंग एकत्र आले की जिभेला मिठाची आठवण कमी होते.

येथे एक सावधगिरी हवी. आमच्याकडे उन्हाळ्यात काकडी चिरून तिच्यावर काळे मीठ भुरभुरण्याची रीत आहे. पण काळे असो वा सैंधव, सोडियम त्यातही असतेच. ‘कमी सोडियमचे’ म्हणून मिळणाऱ्या मिठात पुष्कळदा पोटॅशियम असते. दुर्बळ मूत्रपिंडांना ते बाहेर टाकता येत नाही आणि रक्तात ते वाढले तर हृदयाला धोका संभवतो. टोमॅटो, ओले खोबरे व दाण्याचे कूट यांतही पोटॅशियम आहे; म्हणून ते किती चालेल हे डॉक्टरांनाच विचारावे. पाण्यावर निर्बंध असेल तर काकडीचे प्रमाणही त्यांच्याकडूनच ठरवून घ्यावे.

वाचकहो, शेवटची गोष्ट पाककृतीची नव्हे, पंक्तीची आहे. एकट्याच्याच पानात वाढलेले पथ्य शिक्षेसारखे वाटते. आमच्या घरी आता सर्वांच्या पानात हीच कोशिंबीर असते. ज्याला हवे तो मीठ वरून घेतो. वडील मात्र अलीकडे तीच दुसऱ्यांदा मागून घेतात.