ढोलीचे झाड

मुलांनो, आपल्या शहापूर तालुक्यातील तानसा अभयारण्यात २०१४ साली रानपिंगळा आढळला. हे छोटे घुबड १८८४ नंतर ११३ वर्षे अभ्यासकांना सापडले नव्हते.

बहुतेक घुबडे रात्री शिकार करतात. रानपिंगळा दिवसा करतो. त्यामुळे अन्नासाठी चढाओढ कमी होते. घरट्यासाठी मात्र त्याला जुन्या झाडाची ढोली लागते. ती त्याला स्वतः कोरता येत नाही. पोपट, मैना यांनाही ढोलीच हवी असते.

मुले मला विचारतात, "सर, सरपणासाठी एक वाळके झाड तोडले तर काय बिघडले?" चूल पेटायला हवी, हे खरे. पण नवे रोप एका दिवसात लावता येते; ढोली तयार व्हायला कित्येक वर्षे लागतात. म्हणून कुऱ्हाड उचलण्यापूर्वी एकदा वर पाहा.