खोट्या मोहरेचा हुकूम

१/ हिवतापाच्या इतिहासात आमच्या मुलखाचे नाव आरंभापासून आहे. देगलूर आज नांदेड जिल्ह्यात असले, तरी १९४८ पर्यंत ते निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. त्याच संस्थानातील सिकंदराबादेत २० ऑगस्ट १८९७ रोजी रोनाल्ड रॉस यांना डासाच्या जठराच्या भिंतीत हिवतापाच्या परजीवीचा माग लागला. शत्रूचे वाहन कळले. शस्त्र हाती यायला मात्र अर्धे शतक जावे लागले.

२/ ते शस्त्र म्हणजे डीडीटी. हे रसायन १८७४ मध्येच तयार झाले होते. त्याची कीटकनाशक शक्ती १९३९ मध्ये पाउल म्युलर या स्विस रसायनशास्त्रज्ञाने ओळखली आणि १९४८ चे वैद्यकाचे नोबेल त्याला मिळाले.

३/ स्वातंत्र्याच्या वेळी भारतात वर्षाला अंदाजे ७.५ कोटी लोकांना हिवताप होई आणि सुमारे ८ लाख दगावत. १९५३ मध्ये राष्ट्रीय नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, १९५८ मध्ये त्याची निर्मूलन मोहीम झाली. घरोघरी भिंतींवर डीडीटी फवारले गेले आणि १९६५ च्या सुमारास नोंदलेले रुग्ण १ लाखाच्या आसपास आले. माझी आजी त्या पिढीतली. फवारणीवाले आले की धान्य आणि भांडी अंगणात काढत, असे ती सांगते. थंडी वाजून येणारा ताप तिने घरात पाहिला होता, म्हणून त्या पांढऱ्या पावडरीविषयी तिच्या बोलण्यात कृतज्ञता असते. ती खोटी ठरवण्याचा अधिकार मला नाही.

४/ परंतु १९५० मध्येच अमेरिकेतील सिरॅक्यूज विद्यापीठात बर्लिंग्टन आणि लिंडमन या संशोधकांनी कोंबड्याच्या नर पिल्लांना डीडीटी टोचून पाहिले. त्यांचे तुरे खुरटले, वृषणांची वाढ खुंटली. जणू त्यांना मादीचे संप्रेरक दिले होते.

५/ असे का व्हावे? संप्रेरक म्हणजे शरीरातला हुकूमनामा. तो ग्रंथीतून निघतो आणि रक्तावाटे पेशीत पोहोचतो. तिथे ग्राही नावाचे प्रथिन मोहर तपासणाऱ्या कारकुनासारखे बसलेले असते. मोहर जुळली की ग्राही संप्रेरकासह डीएनएला जाऊन बिलगतो आणि ठरावीक जनुके चालू किंवा बंद होतात. पेशीने वाढायचे, विभागायचे की थांबायचे, हे त्यातून ठरते. कारकून फक्त मोहरेचा आकार पाहतो. हुकूम कोणाकडून आला, हे तो विचारत नाही.

६/ बनावट सनदांशी आपला परिचय आहेच. इथे लबाडी दोन प्रकारची असते. डीडीटीचा एक प्रकार इस्ट्रोजेनच्या ग्राहीवर बसतो आणि कोणीही न दिलेला हुकूम बजावला जातो. शरीरात डीडीटीपासून बनणारे डीडीई पुरुषी संप्रेरकाच्या ग्राहीची जागा अडवते. स्वतः काही करत नाही आणि खऱ्याला बसू देत नाही. हे १९९५ मध्ये उंदरांवरील प्रयोगांत दिसले. डीडीई चरबीत वर्षानुवर्षे साठते आणि आईच्या दुधातून पुढच्या पिढीत उतरते. गर्भात अवयव घडत असताना बजावलेला चुकीचा हुकूम पुढे मागे घेता येत नाही.

७/ कॅलिफोर्नियात १९५९ ते १९६७ या काळात गर्भवतींचे रक्त जपून ठेवले होते. ते रक्ताचे दप्तर अनेक दशकांनी उघडले गेले. २०१५ च्या अभ्यासानुसार, ज्या मातांच्या रक्तात डीडीटीचा तो इस्ट्रोजेनसारखा प्रकार सर्वाधिक होता, त्यांच्या मुलींमध्ये स्तनाच्या कर्करोगाचा धोका जवळपास चौपट आढळला.

८/ इकडे डास डीडीटीला सरावले. १९७६ मध्ये रुग्णसंख्या पुन्हा ६४ लाखांवर गेली. १९८९ मध्ये शेतीतील वापर बंद झाला. २००१ च्या स्टॉकहोम कराराला भारताने २००६ मध्ये मान्यता दिली. रोगवाहक कीटकांच्या नियंत्रणापुरती सवलत मात्र राहिली.

९/ मग डीडीटी तारक की मारक? मला हा प्रश्नच अपुरा वाटतो. ज्यांचे प्राण वाचले ते खरोखरच वाचले. हिवतापाच्या नोंदवहीत तापाचे रकाने होते, म्हणून तो विजय आपल्याला आकड्यांत दिसतो. फवारलेल्या घरातल्या गर्भवतीच्या रक्तात काय उतरले, यासाठी रकाना नव्हता. नोंद नाही म्हणून घटना घडली नाही असे होत नाही, हे आपल्या विषयाच्या पहिल्याच वर्षी शिकवतात. हा नियम दप्तरखान्याइतकाच शरीरालाही लागू आहे.