ब्रेकडाउन नावाचा गडी

तो गाण्यात उशिरा येतो. दोन कडवी होऊन गेलेली असतात, ध्रुवपद दोनदा येऊन गेलेलं असतं, गिटारी सुसाट धावत असतात, आणि अचानक सगळं थांबतं. त्या अर्ध्या श्वासाच्या शांततेत गायक एखादं वाक्य ओरडतो, आणि मग ब्रेकडाउन आत पाऊल टाकतो. लय निम्म्यावर येते. गिटारची सगळ्यात जाड, मुद्दाम खाली उतरवलेली तार तळव्यानं दाबून एकाच स्वरावर ठोकली जाते, ड्रमवाल्याचा पाय त्या ठोक्याला चिकटून चालतो, आणि वर चायना झांज खणाणत राहते. चाल त्याच्यापाशी जवळजवळ नसतेच. असतं ते वजन आणि वेळेचं भान. मिरवणुकीत ताशा थांबून नुसता ढोल उरला की छातीत जे होतं, ते हा करतो.

हार्डकोअर पंक आणि मेटल यांच्या मिश्रणातून झालेलं मेटलकोअर हे त्याचं हक्काचं घर, पण जन्म तिथला नाही. ऐंशीच्या दशकात न्यूयॉर्कच्या हार्डकोअर पंकवाल्यांनी त्याला वाढवलं. क्रो-मॅग्सच्या १९८६च्या 'द एज ऑफ क्वारल'मध्ये त्याचं बालपण ऐकू येतं. त्याच्याही आधी वॉशिंग्टनचे बॅड ब्रेन्स एकाच मैफलीत बेभान पंक आणि संथ रेगे वाजवायचे. वेग मोडून जड होण्याची त्याची सवय तिथलीच असावी, असं मला वाटतं. नव्वदच्या दशकात त्याच्या हाती मेटलच्या गिटारी आल्या आणि तो आजच्या अंगापिंडाचा झाला.

लोक त्याला दांडगट समजतात. तो आला की गर्दीत रिंगण मोकळं होतं, धक्काबुक्की सुरू होते, हे खरंच. पण त्या रिंगणात कोणी पडला की जवळचे हात त्याला आधी उभा करतात, हा नियम तिथं सगळे पाळतात. त्याचं स्वतःचं मागणं एकच आहे: मला ताटकळत ठेवा. मधल्या काळात कित्येक बँडनी ते ऐकलं नाही. दर गाण्यात, ठरल्या जागी, ठरल्या ठोक्यात त्याला उभं केलं आणि त्याचा दरारा घालवला. म्हणून नवा अल्बम हाती आला की मी आधी बघतो, याला कसं वागवलंय.

केंटकीच्या नॉक्ड लूजनी त्याला सगळ्यात चांगलं ओळखलं. त्यांच्या २०२४च्या 'यू वोन्ट गो बिफोर यू आर सपोज्ड टू' या अल्बमचं नाव विमानातून आलेलं आहे. उडायला घाबरणाऱ्या गायक ब्रायन गॅरिसला शेजारच्या अनोळखी बाईनं धीर दिला, ते तिचे शब्द. सगळा अल्बम त्या भीतीतून वाजतो. ब्रेकडाउन इथं चोरपावलांनी येतो, दोन ठोके मारून निघून जातो, आणि गेला असं वाटत असतानाच दुप्पट जड होऊन परततो. पॉपी या गायिकेबरोबरच्या 'सफोकेट'मध्ये तर तो रेगेटॉनच्या ठेक्यावर चालतो. बॅड ब्रेन्सच्या रेगेनंतर कॅरिबियन वळणाचा ठेका इतक्या वर्षांनी पुन्हा त्याच्या पायात आलेला ऐकून मला फार आनंद झाला. हे गाणं पुढे ग्रॅमीच्या नामांकनापर्यंत गेलं.

ब्राइटनच्या आर्किटेक्ट्सबरोबर त्याचं नातं दुःखाचं आहे. गिटारवादक टॉम सर्ल २०१६च्या ऑगस्टमध्ये कर्करोगानं गेला, अठ्ठाविसाव्या वर्षी. ड्रमवर त्याचा जुळा भाऊ डॅन. २०१८च्या 'होली हेल'मधले ब्रेकडाउन ऐकताना मागे बसलेला तो भाऊ माझ्या मनातून जात नाही. शोक इतका जड वाजलेला मी दुसरीकडे ऐकलेला नाही. पुढे २०२१चा अल्बम ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेला, पण त्यात गडी दाराशीच उभा होता. २०२५च्या 'द स्काय, द अर्थ अँड ऑल बिटवीन'मध्ये त्याला पुन्हा आत घेतलंय. निर्माता जॉर्डन फिश, ब्रिंग मी द होरायझन या बँडमधून बाहेर पडलेला. अल्बम चांगला आहे, पण ध्वनी इतका गुळगुळीत केलाय की ठोक्याची धार थोडी बोथट होते.

कॅनडाच्या स्पिरिटबॉक्सचा 'त्सुनामी सी' (२०२५) मला जास्त आवडतो. कोर्टनी लप्लान्ट एकाच गळ्यातून तरल गाते आणि गुरगुरते, त्यामुळे तो नेमका कधी येणार याचा अंदाज लागत नाही. 'सॉफ्ट स्पाइन' ऐका.

त्याचं दुसरं घर पॉप पंक. ही सोयरीक मुळात चॅड गिल्बर्टसारख्यांनी जुळवली. न्यू फाउंड ग्लोरीचा हा गिटारवादक आधी शाय हुलूद या मेटलकोअर बँडमध्ये गायचा, आणि फ्लोरिडाच्या अ डे टू रिमेंबरच्या २००९च्या 'होमसिक'च्या निर्मितीत त्याचा हात होता. गोड ध्रुवपदाच्या पाठोपाठ ब्रेकडाउन येणं तिथं पक्कं झालं. सम ४१नी २०२४च्या शेवटच्या अल्बमचे दोन भागच केले: 'हेवन'मध्ये पॉप पंक, 'हेल'मध्ये मेटल. दोन्हींवर सारखं प्रेम असलेल्या बँडचा हा निरोप मला अतिशय प्रामाणिक वाटतो. ग्रीन डेच्या 'सेव्हिअर्स'ला आणि ब्लिंक-१८२च्या 'वन मोअर टाइम...'ला त्याची गरज पडत नाही, कारण तिथं सगळं वजन चालीवर आहे. त्यातल्या ब्लिंकच्या अल्बममागे बासवादक मार्क हॉपसचं आजारपण आणि गिटारवादक टॉम डिलाँगचं बँडमध्ये परतणं आहे, म्हणून तो मला जवळचा.

आपल्याकडेही तो राहून गेलाय. मुंबईच्या स्क्राइबनी 'हेल मोगॅम्बो'मध्ये त्याला हिंदी सिनेमाच्या संगतीत बसवलं. ग्रीन डे मार्च २०२५मध्ये महालक्ष्मी रेसकोर्सवर वाजवून गेले. त्याच मैदानावर नॉक्ड लूजलाही कोणीतरी बोलवावं.

तोवर ब्रेकडाउनला भेटायचं असेल तर नॉक्ड लूजचा तो २०२४चा अल्बम घ्या. दहा गाणी आहेत, अर्ध्या तासाच्या आत संपतात. मोबाइलच्या स्पीकरवर लावू नका, तळाचा आवाज तिथं पोचतच नाही. चांगला हेडफोन लावा, आणि गाण्यांचा क्रम बदलू नका.