पंगतीचं माप

आर्किटेक्चरच्या पोरांना मी मेहकर तालुक्यातल्या हिवरा आश्रमला नेतो, तेही मुद्दाम वैशाखात. शुकदास महाराजांनी १९६५ साली उभा केलेला हा विवेकानंद आश्रम. पौष वद्य सप्तमीला, विवेकानंद जयंतीच्या उत्सवात, इथल्या उघड्या रानात लाखो माणसं पंगतीला बसतात. जेवण पुरी आणि वांग्याची भाजी. पोरांनी त्यासाठी जागा रचायची.

त्यांचे कागद घरूनच तयार होऊन येतात: लोखंडी कमानी, वर पत्रा. मी काही बोलत नाही, ढेकळांत नेऊन उभं करतो. यंदा एकाने भेगेत १२ इंची पट्टी सोडली. सबंध गडप. ही काळी माती उन्हाळ्यात फाटते, पावसात फुगते आणि पाया कच्चा असेल तर भिंतीलाही सोबत हलवते. पट्टी शेवटी तुराटीने उकरून काढली.

मग मांडी घालून बसवतो. गुडघ्यापासून गुडघ्यापर्यंत अडीच फूट, पुढे ताट. "दोन पंगतींमध्ये वाढप्याला ३ फूट," एका मुलीने टिपून घेतलं. बांधावरचा गडी हसला. "वाढाले ट्रॅक्टर येते नं, ताई."

सगळी आकडेमोड तिथेच मोडली. आता माप चाकांचं. टोकाला ट्रॉलीसकट वळायचं, म्हणजे खांब आडवे येणार. शिवाय पौषातलं ऊन अंगावर हवंसंच वाटतं, मग पत्रा कशाला?

दुपारी धाब्याच्या एका जुन्या घरात पाठ टेकली. पांढऱ्या मातीची हातभर जाड भिंत, खिडकी म्हणावी तर वीतभर. बाहेर डोळे उघडवत नव्हते. आत पोरं घोरत होती. मला मात्र झोप नाही. उमेदवारीत मी याच भागातल्या एका घराला पश्चिमेकडे ६ फुटांची काच लावली होती. नकाशात फार देखणी दिसायची. पहिल्याच उन्हाळ्यात घरच्या बाईंनी तिच्यावर आतून गोधडी टांगली. मी गेलो तेव्हा त्यांनी गुमान चहा दिला, गोधडी काही काढली नाही.

परतताना एसटीत त्या मुलीने कागद दाखवला. कमानी खोडलेल्या. उरल्या होत्या नुसत्या चाकोऱ्या, दोन्ही अंगांना ताटांचे ठिपके आणि कोपऱ्यात पेन्सिलीने: 'जूनला इथे सोयाबीन?'