हातांनी केलेली उपासना

संत गोन्सालो गार्सिया हे आमच्या वसईचे सुपुत्र, हे गिरीजच्या शाळकरी मुलालाही ठाऊक असते. परंतु 1597 मध्ये नागासाकीला क्रुसावर जाण्यापूर्वी ते फ्रान्सिस्कन मंडळींचे दुभाषे होते, 1593 मध्ये मनिलाहून त्यांना जपानला सोबत नेले ते मुख्यतः त्यांच्या जपानी भाषेवरील प्रभुत्वासाठी, आणि जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याच्या दरबारात पाद्र्यांची बाजू त्यांच्याच मुखातून मांडली गेली, ही हकीकत त्यांच्या हौतात्म्याच्या तेजात झाकोळून जाते. कर्णबधिरांच्या मिस्सेत वेदीच्या बाजूला उभे राहून फादरांचे शब्द हातांनी सांगण्याचे काम मी करते. म्हणून हुतात्म्याहून हा दुभाषाच मला अधिक जवळचा वाटतो.

या कामाविषयी लोकांची समजूत अशी की, मराठी वाक्य आले की त्यातल्या एकेका शब्दाची खूण करून दाखवली म्हणजे झाले. वस्तुतः सांकेतिक भाषेला स्वतःचे व्याकरण आहे, आणि त्याचा निम्मा कारभार चेहऱ्यावर चालतो: भुवई उंचावली नाही तर प्रश्न हा प्रश्नच राहत नाही. उधळ्या पुत्राचा दृष्टान्त घ्या. प्रवचनकार बोलू लागले की मला प्रथम जागा मुक्रर कराव्या लागतात. उजवीकडे बापाचे घर, डावीकडे परमुलूख, आणि मधोमध, समोर, थोरल्या भावाचे शेत. एकदा नेमलेल्या या जागा कथा संपेपर्यंत हलता कामा नयेत, कारण पुढे नावे येत नाहीत. माझे खांदे किंचित वळले आणि नजर शेतावरून घराकडे गेली की थोरला बोलू लागला, हे समोरच्यांना बिनचूक कळते, आणि त्याची घरात न शिरण्याची अढी शब्दांपेक्षा त्या वळलेल्या खांद्यातच अधिक दिसते. त्यातून मराठी क्रियापद बसले आहे वाक्याच्या शेवटी. फादर विशेषणांचे डोंगर रचत असताना हात रोखून धरायचे, आणि ते थांबले की त्यांचे पुढचे वाक्य ऐकत ऐकत मागचे सांगून टाकायचे. खिडकी पाठीशी असेल तर चेहरा काळोखात जातो, नक्षीदार कपड्यावर बोटे हरवतात; म्हणून साधा, गडद रंगाचा वेष आणि समोरून उजेड, एवढी तजवीज मी आधीच करून घेते.

आम्ही ऐकणारे भाविकपणाने डोळे मिटतो आणि हात जोडतो. माझ्या मंडळींनी तसे केले तर एका क्षणात त्यांचे कान बंद आणि जीभ बांधलेली! त्यांची प्रार्थना उघड्या डोळ्यांनी आणि मोकळ्या हातांनी होते. नवख्याला ती गडबड वाटते, याला माझा इलाज नाही.

श्रद्धा श्रवणाने येते या पौलाच्या विधानाचा शब्दशः अर्थ लावून बहिऱ्यांना शतकानुशतके उंबरठ्याबाहेर ठेवले गेले. तरीही सुमारे 1605 मध्ये सव्हॉय प्रांतात बिशप फ्रान्सिस द सेल्स यांनी मार्टिन नावाच्या बहिऱ्या तरुणाला खुणांनी धर्मशिक्षण दिले, आणि आज ते कर्णबधिरांचे आश्रयदाते संत मानले जातात. मुंबईतही 1880च्या दशकात बिशप लिओ म्यूरिन यांच्या पुढाकाराने भारतातील कर्णबधिरांची पहिली शाळा उघडली. मात्र कर्णबधिरांच्या शिक्षणाविषयी 1880 मध्येच मिलानला भरलेल्या परिषदेने ओठांच्या भाषेचा पुरस्कार करून खुणांना जगभरच्या शाळांतून हद्दपार करण्याचा पायंडा पाडला होता. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर लॅटिन जाऊन मराठी मिस्सा आली, याचा वसईकरांना सार्थ अभिमान आहे. त्याच सुमारास, 1965 मध्ये, उपासनेत सांकेतिक भाषेलाही रोमची रीतसर मुभा मिळाली. आपल्या भाषेचा हक्क मागणाऱ्या समाजाला शेजाऱ्याच्या भाषेचा हक्क 'दया' वाटावा, हे मला कधीच पटलेले नाही. कर्णबधिर बांधव रुग्ण म्हणून देवळात येत नाहीत. ते भाषिक म्हणून येतात, आणि त्यांच्यात सेवा करू इच्छिणाऱ्याने प्रथम त्यांचे शिष्यत्व पत्करले पाहिजे.

माझ्या दुभाषेगिरीची मर्यादा कुमसाराच्या वेळी उघडी पडते. 1983च्या धर्मसंहितेने दुभाष्यामार्फत पापनिवेदन करण्याची परवानगी दिली आहे आणि दुभाष्यावर गुप्ततेचे बंधनही घातले आहे. परंतु शेजारच्या बाईसमोर आपले पाप उलगडण्याचा प्रसंग ऐकणाऱ्यांपैकी कोणावर येतो? तिथे दुभाषा नको, सांकेतिक भाषा जाणणारा धर्मगुरूच हवा. 2 मे 2024 रोजी त्रिशूर येथे होली क्रॉस संघाचे जोसेफ थेर्मडोम यांना गुरुदीक्षा मिळाली. स्वतः कर्णबधिर असलेले ते भारतातील पहिले कॅथलिक धर्मगुरू. आपल्याकडच्या सेमिनरीत लॅटिन, ग्रीक यांच्या जोडीला ही भाषाही अभ्यासक्रमात घ्यावी, एवढी विनंती मी वसईच्या धर्मगुरूंना आणि सेमिनरीत जाऊ पाहणाऱ्या तरुणांना करते. शिकवायला आमची मंडळी दर रविवारी देवळात हजर असतातच.