तीन पेरं

आमच्याकडे बायका हिशोब बोटांच्या पेरांवर करतात. अंगठा एकेका पेरावर टेकवत जायचं, चार बोटांची बारा पेरं होतात. भोसरीच्या शेडमध्ये मी ट्रेही असेच मोजायचे. ट्रे भरला की एक पेर पुढे.

२०२१ चा फेब्रुवारी होता. शेडमध्ये आम्ही सगळे मिळून सात जण. दहाच्या आत माणसं म्हणून ईएसआयचा कामगार विमा नव्हता. मी तीन वर्षं पॉवर प्रेस चालवत होते, पण हजेरीच्या वहीत माझ्या नावापुढे ‘हेल्पर’. त्या दिवशी पेडल मी एकदाच दाबलं आणि रॅम दोनदा खाली आला. याला ‘डबल मारणं’ म्हणतात, क्लचची स्प्रिंग गेली की होतं. त्याच आठवड्यात आधी दोनदा डबल मारलं होतं. सुपरवायझरला सांगितलं, तर म्हणाला, “शिफ्ट काढा, रविवारी बघू.” तो रविवार यायच्या आत गुरुवारी माझी बोटं डायमध्ये सापडली. दुखलं नाही. आधी नुसतं गरम लागलं, आणि समोरच्या पट्टीवर माझंच रक्त बघून मला वाटलं ऑइल सांडलं.

रिक्षात सुपरवायझर म्हणाला, “वहिनी, डॉक्टरांना सांगा दारात बोटं चेंगरली. नाहीतर पोलिसांची भानगड होते, इलाज लांबतो.” पहिल्या दवाखान्यात त्यानेच तसं सांगितलं, मी गप्प बसले. तिथे पट्टी बांधून सरकारी दवाखान्यात पाठवलं. तिथे सुपरवायझर पेपर काढायला खिडकीवर गेला आणि तेवढ्यात एका तरुण डॉक्टरने मला थेट विचारलं, “कशात गेली?” मी म्हटलं, “प्रेसमध्ये. कामावर.” खरं बोलायचा काही निर्धार वगैरे नव्हता. दारात असं होत नाही हे त्या पोराला दिसत होतं, आणि मला खोटं बोलायचं त्राण नव्हतं. त्याने केस पेपरवर तसं लिहिलं आणि एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवायची नोंद, केली. पुढची तीन वर्षं आमची केस त्या एका ओळीवर उभी होती.

उजव्या हाताच्या तर्जनीची दोन पेरं गेली, मधल्या बोटाचं एक.

मालक वाईट माणूस नव्हता, हे लिहायला हवं. दवाखान्याचं बिल त्याने भरलं. आठव्या दिवशी घरी आला, वीस हजारांचं पाकीट ठेवलं आणि टाइप केलेला एक कागद पुढे केला. खाली रेव्हेन्यू स्टॅम्प. उजव्या हाताला बॅन्डेज, म्हणून डाव्या हाताचा अंगठा घेतला. मी दहावी पास आहे. शाईचं पॅड त्याने येतानाच खिशातून आणलं होतं. ‘यापुढे माझी कोणतीही मागणी नाही’ हे वाक्य मी वाचलं होतं, आणि तरी अंगठा दिला. घरात हे दोन महिने बसून होते, भाडं थकलं होतं.

शेजारणीच्या ओळखीने युनियनच्या एका ताईंकडे गेले, त्यांनी वकील मॅडमकडे नेलं. मला वाटत होतं, अंगठा दिला म्हणजे संपलं. मॅडमनी कागद वाचला आणि बाजूला ठेवला. माझ्या केसला १९२३ चा नुकसानभरपाईचा कायदा लागू होता. त्याच्या कलम १७ प्रमाणे भरपाईचा हक्क सोडून देणारा करार मुळात करारच नव्हता. दावा लावायला अपघातापासून दोन वर्षं होती, आम्ही चौथ्या महिन्यात गेलो होतो. “वीस हजार मिळाले ते आपण लपवायचे नाहीत,” एवढंच त्या म्हणाल्या.

मग त्यांनी कायद्याचं परिशिष्ट काढलं. माणसाचं शरीर तिथे तुकड्यातुकड्याने लिहिलेलं होतं. अंगठा पूर्ण गेला तर ३० टक्के. तर्जनी पूर्ण १४, दोन पेरं ११, एक पेर ९. मधल्या बोटाचं एक पेर ७. करंगळी सगळी गेली तरी ७ च. माझे ११ आणि ७, झाले १८. पगाराचे ६० टक्के घ्यायचे, त्याला वयाच्या आकड्याने गुणायचं. मला चाळीस पुरी होती, चाळिशीचा आकडा १८४.१७. त्याचे १८ टक्के. मी विचारलं, “पण मॅडम, मला सुई धरता येत नाही, भाकरी थापता येत नाही, ते कुठे मोजलंय?” त्यांनी एका सुताराची केस सांगितली. त्याचा डावा हात गेला होता आणि एका हाताने सुतारकाम होत नाही म्हणून सुप्रीम कोर्टाने १९७६ साली त्याचं नुकसान शंभर टक्के धरलं. “तुमच्या केसमध्ये तेवढं ओढता येणार नाही,” त्या म्हणाल्या. मला ते आवडलं. खोटी आशा दाखवली असती तर मी दुसऱ्या तारखेलाच थकले असते.

खरी मारामारी पगारावर झाली. हातात रोख बारा हजार मिळायचे, मालकाने जबाबात आठ सांगितले. स्लिप कधी नव्हतीच. माझ्याकडे होतं कालनिर्णय. दुधाच्या खाडाशेजारी मी रोजचे तास आणि पाकिटाच्या दिवशी मिळालेली रक्कम लिहायचे, सवय म्हणून. गॅस कधी लागला तेही त्यातच. ती दोन वर्षांची पानं कोर्टात निशाणी म्हणून दाखल झाली. नोकरी सोडून गेलेली एक मावशी साक्षीला आली, तिचा त्या दिवसाचा रोज आम्ही भरून दिला.

उलटतपासणीत समोरचे वकील म्हणाले, “मशीनचं गार्ड तुम्हीच काढून ठेवलं होतं.” कामगाराने मुद्दाम गार्ड काढलं असेल तर मालक सुटू शकतो, म्हणून हा प्रश्न असतोच, असं मॅडमनी आधी सांगितलं होतं. मी विचारलं, “साहेब, ते बसवलं कधी होतं?” पुढचा प्रश्न दुसराच आला.

पहिल्या दवाखान्याचा ‘दारात चेंगरली’चा कागदही त्यांनी लावला होता. मग सरकारी दवाखान्याचा रेकॉर्डवाला कारकून केस पेपर घेऊन आला. तो तरुण डॉक्टर एव्हाना बदलून गेला होता, पण त्याचं अक्षर होतं.

२०२४ मध्ये निकाल लागला. पगार बारा हजारच धरला. २,३८,६८४ रुपये, अपघातानंतरच्या महिन्यापासून १२ टक्के व्याज, वजा ते वीस हजार. आठ हजार धरले असते तर जवळजवळ ऐंशी हजार कमी आले असते. दंड मागितला होता, तो मिळाला नाही. मालकाला अपिलात जायचं होतं, पण त्यासाठीही आधी पूर्ण रक्कम कोर्टात भरावी लागते. ती भरल्यावर त्याचा अपिलातला रस गेला.

पैसे खात्यावर आले. काढायला गेले तर सही जुळेना. खातं उघडलं तेव्हाची सही वळणदार, आताची पेन अंगठा आणि अनामिकेत धरून केलेली, आणि ती रोज वेगळी येते. काउंटरवरच्या बाईंनी दोनदा करून बघायला सांगितलं, मग पॅड पुढे सरकवलं.

आता मी अंगठाच लावते. उजवा, तो शाबूत आहे.